शब्दशंका : ‘अनाथ’ नेमके कोणाला म्हणायचे?

प्रश्न : वडील वारले, आई आहे. शाळेच्या किंवा सरकारी अर्जात अशा मुलापुढे ‘अनाथ’ लिहावे का? (सांगली)

उत्तर : लिहू नये. ‘एकपालक’ किंवा सरळ ‘वडील हयात नाहीत’ असे लिहा. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार जन्मदाते, दत्तक आईवडील किंवा कायदेशीर पालक यांपैकी कोणीच नसलेले १८ वर्षांखालील मूल अनाथ ठरते. कायदेशीर पालक आहे, पण सांभाळायला तयार नाही किंवा त्याच्याने ते होत नाही, असे मूलही अनाथच. आई सांभाळते आहे तोवर मूल अनाथ नाही, आणि दत्तक गेलेले मूल तर मुळीच नाही. रकान्यात ‘अनाथ’ आणि सोबत मृत्यूचा दाखला एकच, असे झाले की तपासणीत कागद अडतो. बालसंगोपन योजनेत एकपालक मुलांसाठीही अर्ज करता येतो, त्यामुळे शब्द फुगवायची गरजच नाही.

हा घोळ बातम्यांमुळे वाढतो. युनिसेफ एक पालक गेलेल्या मुलालाही ‘ऑर्फन’ धरते. तो आकडा ‘इतके कोटी अनाथ’ म्हणून छापला की सगळ्याच मुलांचे आईबाप गेले असे वाटते. तिथे ‘एक किंवा दोन्ही पालक गमावलेली मुले’ असेच लिहायला हवे.

प्रश्न : पोरका, बेवारस, अनाथ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का? (नाशिक)

उत्तर : ‘पोरका’ घरातला शब्द आहे. तो लिंगाप्रमाणे बदलतो : पोरका, पोरकी, पोरके. ‘अनाथ’ बदलत नाही. साठीचा माणूसही ‘आई गेली, पोरका झालो’ म्हणतो, कारण तिथे वयाचा नव्हे, मायेचा प्रश्न असतो. अर्जात मात्र ‘पोरका’ नको.

‘बेवारस’ मुलासाठी कधीच वापरू नका. ‘वारस’ अरबी, ‘बे’ फारसी. हक्क सांगणारा कोणी नाही, असा त्याचा अर्थ. एसटी स्टँडवरची पिशवी बेवारस असते, तिथेच सापडलेले बाळ नाही. त्याला ‘सापडलेले मूल’ म्हणावे. हे केवळ सौजन्य नाही, अचूकही आहे. असे मूल दिसले तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. मग पालकांचा शोध घेतला जातो. दोन वर्षांपर्यंतचे मूल असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत ते दत्तकासाठी मोकळे आहे का, हे समिती ठरवते. ते अनाथ की परित्यक्त (पालकांनी सोडून दिलेले), हे चौकशीनंतरच म्हणता येते. पहिल्याच दिवशी ‘अनाथ बाळ सापडले’ असा मथळा देणे म्हणजे जिवंत असू शकणाऱ्या आईला बातमीतून पुसून टाकणे.

प्रश्न : कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी काढलेल्या संस्थेचे नाव ‘अनाथ बालिकाश्रम’ कसे? (पुणे)

उत्तर : कारण शब्दात आईबाप नाहीतच. अ + नाथ, आणि नाथ म्हणजे रक्षणकर्ता, स्वामी, पती, ‘प्राणनाथ’ आठवा. नवरा गेलेली कोवळी मुलगी त्या काळच्या भाषेत अनाथच ठरे, माहेरी आईबाप असले तरी. ‘अनाथांचा नाथ’ असे देवाला म्हणताना भक्तही आईबापांविषयी बोलत नसतो. विरुद्ध शब्द ‘सनाथ’. संधी सोडवताना ‘अन् + नाथ’ लिहू नका. व्यंजनापूर्वी ‘अ’ (अनाथ, अन्याय), स्वरापूर्वी ‘अन्’ (अनादर म्हणजे अन् + आदर).

प्रश्न : इंग्रजी ‘ऑर्फन’ आणि ‘अनाथ’ यांचे मूळ एकच का? ‘ऑर्फन ड्रग’ला मराठीत काय म्हणावे? (ठाणे)

उत्तर : मूळ एक नाही. ‘ऑर्फन’ ग्रीक ‘ऑर्फानोस’वरून आला, आणि त्याचे आपल्याकडचे भावंड आहे ‘अर्भक’. विशेष म्हणजे ‘रोबो’ हाही त्याच कुळातला.

‘अनाथ औषध’ हे भाषांतर वाचकाला काहीच सांगत नाही. भारताच्या २०१९ च्या औषधविषयक नियमांत देशात जास्तीत जास्त पाच लाख लोकांना असलेल्या आजारावरचे औषध असा ‘ऑर्फन ड्रग’चा अर्थ आहे. तेव्हा ‘दुर्मीळ आजारावरचे औषध’ म्हणावे.