टप किती इंच कापावा?

गेल्या महिन्यात या पानावर १९५१ च्या एका मर्क्युरीचा, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकी मोटारीचा, फोटो छापला होता. मालक बॉब हिरोहाता, काम जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांचं, गॅरेज लॉस एंजेलिसजवळच्या लिनवुडमधलं. वरून फिका समुद्री हिरवा, खालून गडद हिरवा, आणि टप कापून, म्हणजे खिडक्यांमधले खांब आखूड करून, बसका केलेला. त्या फोटोवर बरीच पत्रं आली. त्यातली तीन आज घेतो.

काका, कंपनीने इतक्या विचारानं बनवलेल्या जुन्या गाडीचा टप कापायचा म्हणजे तिचा सत्यानाशच नाही का? आजोबांच्या फियाटचा आम्ही एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही. — एक वाचक, सांगली

फियाट तशीच जपा, त्यात माझं दुमत नाही. पण १९५२ साली बॅरिस बंधूंनी करवत लावली तेव्हा ती मर्क्युरी जुनी नव्हतीच, जेमतेम वर्षाची होती. ‘विंटेज’ हा शब्द आपण आज तिला चिकटवतो. सॅमने त्याआधी स्वतःच्या १९४९ च्या मर्क्युरीचा टप कापला होता, तीही तेव्हा नवीच म्हणायची. या गाड्यांचं खालचं अंग भरदार, गोलसर, एका ओघात वाहणारं. त्यावर टप मात्र उंच. ती उंची या पोरांच्या डोळ्यांना खुपली.

त्याच्याही आधी, तिसाच्या दशकात, टप कापायचं कारण वेगळं होतं. कॅलिफोर्नियातल्या म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर जुन्या फोर्ड पळवणाऱ्यांना वारा कमी अडायला हवा होता. वेगासाठी सुरू झालेलं काम पुढे रूपासाठी होऊ लागलं.

आणि सत्यानाशाचं म्हणाल तर, हीच मर्क्युरी १९५९ मध्ये ५०० डॉलरला विकली गेली. जिम मॅकनील नावाच्या तरुणाने ती घेतली आणि पुढे सगळं आयुष्य सांभाळली. जानेवारी २०२२ मध्ये लिलावात तिच्यावर साडेएकोणीस लाख डॉलरची बोली लागली.

हिरोहाता मर्क्युरीचा टप पुढून ४ इंच आणि मागून ७ इंच कापला, असं तुम्ही लिहिलंत. मग टप तिरका नाही का झाला? आणि नेमके किती इंच योग्य? — एक निवृत्त ड्रॉइंग शिक्षिका, चिपळूण

बाई, तुम्ही ड्रॉइंग शिकवलंय, म्हणून तुम्हाला हे लगेच दिसेल. इंच मोजूच नका, रेघ बघा.

आधी अडचण काय ते सांगतो. एक बादली उलटी ठेवा. मधला चार इंचांचा पट्टा कापून काढा आणि वरचा तुकडा खाली आणा. तो खालच्या काठावर बसणारच नाही, आत पडेल, कारण बादली निमुळती आहे. गाडीचं तेच. पुढचे खांब वर जाताना मागे झुकतात, मागचे पुढे झुकतात, बाजूही आत कललेल्या असतात. त्यामुळे खांब कापून टप खाली आणला की तो चारही बाजूंनी तोकडा पडतो. मग एक तर टप मधून कापून पट्ट्या घालून लांब-रुंद करायचा, नाही तर खांब आणखी कलवायचे. १९२८ ते ३१ ची मॉडेल ए फोर्ड सोपी, कारण तिचे खांब जवळजवळ उभे. मर्क्युरीला हात लावायचा तर छाती लागते.

आता तुमचा प्रश्न. सगळीकडून सारखेच चार इंच उतरवले तर मर्क्युरीच्या मागचा फुगवटा तसाच राहतो आणि गाडी पोक काढल्यासारखी दिसते. मागून जास्त उतरवलं की टपाची रेघ काचेवरून डिकीपर्यंत न अडखळता जाते. मागची काच वळणदार. ती कापायच्या भानगडीत न पडता बहुतेक कारागीर ती अख्खी ठेवून पुढे निजवतात. सगळी मेहनत त्या काचेभोवतीच्या पत्र्यात आहे. हिरोहाता गाडीत दारामागचा खांबही काढून टाकलाय, त्यामुळे बाजूच्या काचा मिळून एकच लांबट खिडकी झाली. शेजारून जाणारी क्रोमची पट्टी १९५२ च्या ब्यूकची. ती जिथे खाली झुकते तिथेच दोन हिरवे रंग वेगळे होतात. माझ्या मते या गाडीतला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. टप बसका झाल्यावर खालचं अंग जड दिसलं असतं, त्या पट्टीने ते हलकं केलं.

मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो तेव्हा पोमोनाच्या प्रदर्शनात दोन काळ्या मर्क्युरी शेजारी शेजारी पाहिल्या. एकीचा टप दुसरीपेक्षा नक्कीच जास्त कापलेला होता, पण आधी डोळ्यात भरली ती कमी कापलेली. मी खाली बसून पाहिलं. तिच्या दारावरची पन्हळ, पावसाचं पाणी वाहून नेणारी पत्र्याची बारीक कड, पुढच्या खांबापासून मागे उतरेपर्यंत कुठेही मोडली नव्हती. दुसरीची पन्हळ दारामागे कोपरासारखी वाकली होती. तिथे कारागिराने घाई केली. मी अर्धा तास त्या दोन कडांसमोरच होतो, मुलगा कंटाळून कॉफी पिऊन आला.

दादा, मी आयटीआयला शीट मेटल करतो. हे लोक सांधे बुजवायला लांबीऐवजी (पुट्टीऐवजी) शिसं का भरायचे? आणि मी अ‍ॅम्बेसेडरचा टप कापला तर चालेल का? — एक विद्यार्थी, इचलकरंजी

दुसऱ्याचं आधी सांगतो: रस्त्यावरच्या गाडीला नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघ. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलंय.

आता शिसं. आपण वापरतो तशी प्लास्टिकची लांबी तेव्हा हाताशी नव्हती. तू आजीच्या घरी भांड्यांना कल्हई करताना पाहिली असशील. इथेही सुरुवात तीच. पत्रा चकचकीत घासायचा, तापवायचा आणि कथलाचा पातळ थर पुसून घ्यायचा. त्याशिवाय शिसं धरतच नाही. मग सुमारे सत्तर भाग शिसं आणि तीस भाग कथील यांची कांडी. ही मिश्रधातू १८३ अंशांना मऊ व्हायला लागते, पण २५५ च्या आसपास जाईपर्यंत पूर्ण पातळ होत नाही. मधल्या टप्प्यात ती लोण्यासारखी असते, आणि तेवढ्यात लाकडी थापीने ती पसरवायची. थापीला मेण लावलेलं, नाही तर चिकटते. या शिशामुळेच अशा गाड्यांना तिकडे ‘लेड स्लेड’, म्हणजे शिशाची घसरगाडी, म्हणतात. घासायला कानसच घे. ग्राइंडर लावलास तर शिशाची धूळ छातीत जाईल, आणि ते विष आहे.

पण शिसं किंवा लांबी, दोन्ही शेवटी. आधी वेल्डिंग. उमेदवारीच्या दिवसांत झाड पडून दबलेल्या एका फियाटच्या टपावर मी एका दमात फूटभर शिवण मारली. पत्रा लाटेसारखा उठला. उस्ताद काही बोलले नाहीत. ओलं फडकं हातात दिलं आणि पुढचे दोन दिवस मी तो पत्रा तापवून, विझवून जागेवर आणत होतो. एक इंच मार, मग दुसऱ्या टोकाला जा. टप कापण्याआधी आतून पाइपचा सांगाडा टाकून दारांची चौकट बांधून घे, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत माप लिहून ठेव. नाही तर दारं परत बसणार नाहीत.

हात शिवशिवत असतील तर अ‍ॅम्बेसेडरचा अगदी बाजूने फोटो काढ, मोठी झेरॉक्स कर आणि कात्रीने टप कापून खाली सरकव. एकदा सगळीकडून सारखा, एकदा मागून जास्त. दोन्ही भिंतीवर चिकटव आणि आठवडाभर येता-जाता बघ. मग मला लिही, कुठला ठेवलास.