डाळिंबाच्या सालीची भुकटी: आधी फवारणीची नोंद पाहा

प्रश्न: सांगोला तालुक्यातील आमचा गट डाळिंबाचे दाणे काढून विकतो आणि रसही काढतो. साल उकिरड्यावर जाते. एक व्यापारी औषधी घटकांसाठी सालीची भुकटी मागत आहे. ती गावात तयार करता येईल का?

उत्तर: भुकटी निश्चित करता येईल, परंतु प्रत्येक बागेची साल त्यासाठी योग्य नसते. प्युनिकॅलॅजिन व इलॅजिक आम्ल हे ऑक्सिडीकरणरोधक घटक दाण्यांपेक्षा सालीत कितीतरी अधिक असतात. त्याच सालीवर तेल्या (डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग) व बुरशीजन्य रोगांसाठी मारलेल्या ताम्रयुक्त आणि इतर औषधांचे अंशही राहतात. दाणे खाणाऱ्याच्या पोटात साल जात नाही, भुकटी घेणाऱ्याच्या मात्र तीच जाते, म्हणून फवारणीची नोंदवही असलेल्या आणि शेवटची फवारणी व काढणी यांतील विहित अंतर पाळलेल्या बागांचीच फळे या कामासाठी वेगळी ठेवावीत. तेल्याचे डाग असलेली किंवा आतून कुजलेली साल कटाक्षाने बाजूला काढावी. पहिल्या खेपेचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कीडनाशक अंश, जड धातू व बुरशीजन्य विषे यांसाठी तपासल्याशिवाय व्यापाऱ्याशी दर ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फळे सोलण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने धुवावीत. ताज्या सालीत सुमारे ७० टक्के पाणी असल्याने ढीग करून ठेवल्यास ती तापते, काळवंडते आणि तिला बुरशी लागते. त्यामुळे सोललेल्या दिवशीच लहान तुकडे करून ते सौर वाळवणी यंत्रात किंवा ट्रे ड्रायरमध्ये ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात कडकडीत वाळवावेत. उघड्या खळ्यावर वाळवल्यास धूळ बसते व घटकही कमी होतात. १०० किलो ताज्या सालीपासून साधारण ३० किलो वाळलेला माल मिळेल, हे धरूनच हिशेब मांडावा.

शुद्ध प्युनिकॅलॅजिन वेगळे करण्याच्या भानगडीत गटाने पडू नये. त्यासाठी द्रावके, शुद्धीकरणाची यंत्रणा आणि सततची तपासणी लागते, आणि ते काम कारखान्याचेच आहे. रस काढल्यावर उरणाऱ्या बिया मात्र फेकू नयेत. त्यांच्या तेलात प्युनिसिक आम्ल या मेदाम्लाचे प्रमाण निम्म्याहून अधिक असते आणि सौंदर्यप्रसाधनांत या तेलाचा वापर होतो. बिया वेगळ्या वाळवाव्यात.

खाद्य म्हणून भुकटी विकण्यासाठी अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवाना लागेल. वेष्टनावर कोणताही रोग बरा होतो असे लिहू नये. औषध म्हणून विक्री करायची असल्यास आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा स्वतंत्र परवाना लागतो. वाळवणी व साठवणुकीबाबत सोलापूर येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातील तज्ज्ञांशी यंत्रखरेदीपूर्वीच चर्चा करावी.