भिंतीवरचा लोणा आणि जोत्याखालची ओल

भिंतीला लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा खारट पांढरा थर, आलाय म्हणून रंग द्यायला निघालायस, तर आधी रंगाऱ्याला थांबव. परभणीकडच्या काळ्या रानात घर बांधलंयस, तेव्हा ओल खालून येतेय की हवेतून, हे आधी बघ. फरशीवर दीड फूट चौरस प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून चिकटव, दिवसभर ठेव. प्लास्टिकखाली पाणी साचलं तर ओल जमिनीची, वरून घाम आला तर हवेची.

जमिनीची असेल तर भिंत नंतर, पाणी आधी. मी उलटं केलं होतं. आतून सिमेंटचा गिलावा, वर ऑइलपेंट. ओल तिथंच कोंडली आणि पुढच्या पावसाळ्यात दोन फूट वर चढून पोपडे पाडू लागली. दोनदा पैसे गेले!

आपली काळी माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पागोळ्यांचं पाणी जोत्याशी, म्हणजे घराच्या चौथऱ्याशी, पडू देऊ नकोस. पन्हळ लावून लांब सोड. घराभोवती तीन फूट रुंद कोबा, म्हणजे काँक्रीटचा पट्टा, कर, उतार बाहेरच्या बाजूला. न्हाणीचं सांडपाणी कुठं मुरतं तेही बघ, बऱ्याच घरांत खरा चोर तोच असतो. भिंतीलगतची फुलझाडंही हलव, बायको रागावली तरी.

फरशी उखडायची वेळ आलीच तर भराव मुरमाचा घे, थराथरानं पाणी मारून धुम्मस कर, म्हणजे ठोकून घट्ट बसव, वर जाड प्लास्टिक अंथरून मगच काँक्रीट. आणि गिलावा? भिंत पूर्ण वाळल्यावर. एक उन्हाळा जाऊ दे.