'कामकाज सल्लागार समिती' : सल्ला कोणाचा, कोणाला?

प्रश्न असा आला आहे : संसदेच्या बातम्यांत हिंदीत 'कार्य मंत्रणा समिति' असतं, तर मराठी वृत्तपत्रांत 'कामकाज सल्लागार समिती'. सल्लागार म्हणजे सल्ला देणारा माणूस. मग समिती सल्लागार कशी? आणि ती नुसता सल्लाच देत असेल, तर 'अमुक विधेयकाला चार तास द्यायचं समितीत ठरलं' असं कसं छापून येतं?

आधी हिंदी-मराठीचं पाहू. हिंदीतलं 'कार्य' आणि आपल्या 'कामकाज'मधलं 'काज' हा मुळात एकच शब्द. संस्कृत कार्य, प्राकृतात कज्ज, मराठीत काज. 'काम' आलं कर्म-कम्म या वाटेनं. म्हणजे कामकाज हा दोन जुळ्या शब्दांचा जोड आहे, आणि सभागृहात चालतं त्या सगळ्याला तो इतका चपखल बसतो की तिथे 'कार्य' घालावंसं मला कधीच वाटलं नाही. 'मंत्रणा'चं मात्र मराठीत वेगळं आहे. मंत्रणा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बंद दार, राजा आणि प्रधान येतात. 'खलबत'च्या शेजारचा शब्द तो. सगळ्या पक्षांनी बसून वेळ वाटून घेण्याच्या कामाला तो शोभला नसता.

आता 'सल्लागार'. -गार हा फारसी प्रत्यय बहुधा माणसालाच लागतो : गुन्हेगार, मदतगार, जादूगार. कायदेशीर सल्लागार, गुंतवणूक सल्लागार हेही त्यातलेच. पण सल्लागार मंडळ, सल्लागार समिती इथे तो विशेषण होऊन बसला आहे आणि आता पक्का रुळला आहे. व्याकरणाची हरकत मी तरी घेणार नाही.

खरी गंमत 'सल्ला' या शब्दात आहे. अरबीतून आलेला हा शब्द. 'सुलह' म्हणजे समेट, तोही त्याच धातूचा. 'मसलत'ही त्याच घरातली, त्यामुळे 'सल्लामसलत' म्हणताना आपण एकाच कुळातले दोन भाऊ शेजारी बसवतो. जुन्या मराठीत, बखरींत आणि पत्रांत, 'सला' किंवा 'सल्ला' हा तह, समेट या अर्थानं येतो. 'सला केला' म्हणजे लढाई थांबवून बोलणं पक्कं केलं. आज उरला तो उपदेशाचा अर्थ. समेटाचा अर्थ झिजून गेला.

आणि ही समिती करते ते काम नेमकं त्या झिजलेल्या अर्थाचं आहे.

लोकसभेची ही समिती पहिल्यांदा नेमली गेली १४ जुलै १९५२ रोजी, ग. वा. मावळणकर अध्यक्ष असताना. अहमदाबादच्या मराठी घरातले मावळणकर हे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. समितीत अध्यक्षांसह १५ सदस्य असतात. ते सारे अध्यक्षच नेमतात आणि स्वतः समितीचे पदसिद्ध प्रमुख असतात. राज्यसभेत सभापती आणि उपसभापती धरून ११. ज्या पक्षाला जागा मिळालेली नाही त्याच्या नेत्यालाही निमंत्रित म्हणून बोलावतात. कोणत्या सरकारी विधेयकाला, कोणत्या चर्चेला किती वेळ द्यावा याची शिफारस करणं हे तिचं काम. म्हणजे कागदावर सल्लाच, आणि तो सभागृहाला. पण शिफारस करायची तर आधी आतल्या लोकांत जमावं लागतं, म्हणून तिथले निर्णय एकमतानं घ्यायचा प्रघात आहे. लोकसभेत अहवाल मांडला जातो, सभागृह त्याला संमती देतं, आणि तिथून पुढे तो वेळ बांधून घालतो. नेमलेली घटका भरली की अध्यक्ष उरलेले सगळे प्रश्न मताला टाकतात. त्यात फेरफार हवा असेल तर अशा बदलाला सर्वसाधारण सहमती असावी लागते, आणि अध्यक्ष सभागृहाचा कल पाहून तो बदल लागू करतात. हे नियमातच लिहिलेलं आहे. सहमती, म्हणजे बखरीतला सला!

म्हणून 'समितीने सल्ला दिला' हे वाक्य मला खटकतं. 'समितीत ठरलं' हेच बरोबर. आपल्या विधानभवनातल्या बातम्यांत हा प्रयोग सहज येतो : नागपूरचं अधिवेशन किती दिवस चालवायचं ते 'कामकाज सल्लागार समितीच्या बैठकीत ठरेल'. वार्ताहर तर समितीच्या इंग्रजी नावाची (बिझनेस अॅडव्हायझरी कमिटी) आद्याक्षरं घेऊन सरळ 'बीएसीत ठरलं' म्हणतात. ते 'त' या ठिकाणी मोलाचं आहे. समिती ही सल्ला देणारी व्यक्ती नसून बोलणं जमण्याची जागा आहे, हे त्या एका प्रत्ययात येतं. उलट राज्याची भाषा सल्लागार समिती खरोखर सल्ला देते, शासनाला. तिथे 'समितीने सुचवलं' असंच लिहावं.

जाता जाता, 'राष्ट्रीय सल्लागार परिषद' हिच्याशी याची गल्लत करू नका. ती २००४ मध्ये सोनिया गांधींच्या अध्यक्षतेखाली नेमलेली होती आणि सरकारला सल्ला देई. संसदेच्या कामकाजाशी तिचा संबंध नव्हता.

जर्मनीच्या संसदेत, बुंडेस्टागमध्ये, अशाच कामासाठी जी संस्था आहे तिचं नाव शब्दशः 'ज्येष्ठांची परिषद'. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि पक्षगटांनी पाठवलेले २३ सदस्य. वयानं मोठं असण्याची अट मुळीच नाही, आणि कामकाजाची आखणी करताना तिथेही मतदानापेक्षा पक्षांनी आपसांत जमवण्यावर भर असतो. तिथल्या बातमीचं मराठी करताना 'वडीलधाऱ्यांचे मंडळ' असं कोणी लिहिलं तर वाचक गावच्या पंचांची कल्पना करील. मी तिथे 'कामकाज सल्लागार मंडळ'च लिहीन, आणि पुढचं क्रियापद 'ठरलं' ठेवीन.