आज्जी दुधीचा तुकडा कच्चाच का चाखते?

बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस, "पप्पा, आज्जी दुधी चिरताना पहिली चकती कच्चीच जिभेवर का ठेवते? भाजी उष्टी नाही का होत?" तेवढ्यात ड्युटीची गाडी आली. आज शुक्रवार, मस्कतला सुट्टी, म्हणून निवांत लिहितोय.

उष्टी होत नाही. आज्जी तो तुकडा थुंकून टाकते, हात धुते आणि मगच पुढचं चिरते. दुधी कडू तर नाही ना, एवढंच तिला बघायचं असतं.

दुधी, काकडी, दोडका, पडवळ, भोपळा ही सगळी एकाच कुळातली. किड्यांनी, जनावरांनी खाऊ नये म्हणून त्यांच्या रानटी पूर्वजांत कुकुरबिटासिन नावाचं जहाल कडू द्रव्य असायचं. माणसांनी पिढ्यान्पिढ्या गोड वेलांचंच बी धरलं, तसा कडूपणा मागे पडला. पण पुरता गेला नाही. वेलाला पाण्याचा ताण पडला किंवा बियाण्यात कडू वेलाचा संकर झाला, की कोवळा लुसलुशीत दुधीसुद्धा कडूजहर निघतो. काकडीत हा कडूपणा देठाकडे जास्त, म्हणून आज्जी आधी ते टोक उडवते.

मी तुझ्याएवढा होतो तेव्हाची गोष्ट. आपल्या खानापूरच्या घरी परड्यात उकिरड्याच्या कडेला एक वेल आपोआप उगवला होता. त्याचा दुधी आत्याने न चाखताच शिजवला, चण्याची डाळ आणि ओलं खोबरं घालून. पहिल्या घासालाच आजोबांनी ताट सारलं. आज्जीने अख्खी कढई खड्ड्यात ओतली, वर माती लोटली. म्हशीलासुद्धा दिली नाही. मी रडत म्हटलं, गूळ घालून बघूया की. तर म्हणाली, "गुळानं चव झाकंल रं, विख न्हाई."

तिचं खरंच होतं. हे द्रव्य शिजवूनही जात नाही. कडू दुधीच्या रसाने उलट्या-जुलाब होतात, रक्ताची उलटी होते, माणसं दगावलीसुद्धा आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांचा यावरचा अहवाल 2012 साली छापून आला. त्यांचाही सल्ला तोच: आधी तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या. आज्जीने तो अहवाल कधी पाहिलेला नाही.

कारल्याचं मात्र वेगळं. बाजारात मावशी ज्याला हागलकाई म्हणतात ना, तेच. ते आपण कडू म्हणूनच लावतो आणि कडू म्हणूनच खातो.

आता तूही चाखायला शीक, पण आज्जी शेजारी असतानाच. जिभेचं टोक लावायचं, गिळायचं नाही, कडू लागलं की लगेच चूळ भरायची. चुकून पोटात गेलं तर लपवू नकोस, तिला तिथल्या तिथे सांग.

नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने फोडतो ते कारीटही याच कुळातलं, काकडीचं रानातलं भावंड. त्याचं बोट जिभेला लावताना तू दरवर्षी तोंड वाकडं करतेस. यंदाही मी नसेन. माझ्या वाटणीचं एक तूच फोड.

तुझे पप्पा