वाफसा आला का, ते आधी बघा

पाऊस ओसरला की माझ्याकडे परसबागेच्या प्रश्नांची रीघ लागते, आणि दरवर्षी त्याच त्या प्रश्नांची. वाफा किती उंच, पानं पिवळी का, टोमॅटो फार झाले त्यांचं काय करू. एकेकट्याला उत्तर देण्यापेक्षा या वेळी एकत्रच देते. नावं गाळली आहेत, भाग ठेवला आहे, कारण नाशकात माती भागागणिक बदलते. गोदाकाठच्या जुन्या मळ्यांत काळी, खोल. टेकाडाच्या बाजूला हातभर खणलं की मुरूम.

ताई, बंगल्याभोवती काळी माती आहे, पावसात पाणी तुंबतं. गादीवाफे किती उंच करावेत? रविवारी मुलं घरी आहेत, तेव्हा खणून घेऊ का? (पाथर्डी फाटा)

एक फूट उंच, तीन ते साडेतीन फूट रुंद, लांबी जागेप्रमाणे. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. वाफ्यावर पाय द्यायचा नाही. पाय पडत राहिले की गादीचा ओटा होतो. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट सोडा.

रविवारचं मात्र माती ठरवेल, मुलांची सुट्टी नाही. वीतभर खालची माती मुठीत घेऊन दाबा. लाडू चकाकतोय, बोटांना चिकटतोय, तर कुदळ जागेवर ठेवा. लाडू वळला, पण कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटला, म्हणजे वाफसा आला, माती खणण्याजोगी झाली. ओली काळी माती उकरली की ढेकळं निघतात, ती उन्हात विटेसारखी होतात आणि पुढे फोडत बसावी लागतात. वाफसा आल्यावर दहा फुटी वाफ्याला दोन-तीन घमेली शेणखत मिसळा, पण कुजलेलं. हाताला गरम लागत नाही, शेणाचा वास येत नाही, चुरल्यावर भुगा होतो, ते कुजलेलं. कच्चं घातलंत तर तण आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, फुकट मिळेल.

काळ्या मातीत वाळू मिसळली की ती भुसभुशीत होते म्हणे? (इंदिरानगर)

होत नाही. फरक पडायला जेवढी वाळू लागेल तेवढी परवडणार नाही. शेणखत घाला.

घरदुरुस्तीचा राडारोडा वाफ्याच्या तळाशी टाकला तर निचरा होईल ना? (सिडको)

नको. त्यातल्या सिमेंट-चुन्यानं मातीचा सामू (पीएच) आणखी चढतो, आणि आपल्याकडच्या काळ्या मातीत तो बहुधा आधीच चढा असतो. शिवाय राडारोड्यात काच, रंग, खिळे काय काय असतं.

गच्चीवर दहा फूट लांब, तीन फूट रुंद विटांचा वाफा बांधून माती भरायची आहे. गवंडी म्हणतो, स्लॅब मजबूत आहे. (कॉलेज रोड)

गवंड्याला वजन विचारलंत का? एक फूट उंचीनं हा वाफा तीस घनफुटांचा झाला. भिजलेल्या मातीचं वजन दीड टनाच्या घरात जातं, विटा वेगळ्या. म्हणजे दर चौरस मीटरवर साधारण पाचशे किलो. घराच्या गच्चीचा स्लॅब सहसा दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास चल भार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, धरून काढलेला असतो. आता तुम्हीच भागाकार करा. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, गळतीचा बंदोबस्तही त्यालाच विचारा. तोवर कुंड्या आणि ग्रो बॅग, त्याही भिंतीच्या कडेनं, कोकोपीट आणि शेणखताच्या हलक्या मिश्रणात. कोकोपीट वापरण्याआधी दोन-तीन पाण्यांतून काढा, त्यात क्षार असू शकतात.

टोमॅटोची पानं पिवळी पडताहेत. ग्रुपवर कुणी एप्सम सॉल्ट सांगितलं, नर्सरीवाल्यानं ऑरगॅनिक टॉनिक दिलं. दोन्ही घालू का? (मखमलाबाद)

कुठली पानं, ते तुम्ही लिहिलंच नाही, आणि सगळं अडतं ते तिथंच. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर संशय लोहाचा. चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण झाडाला मिळत नाही. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. लोहाची उणीव त्यानं भरत नाही. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर आधी नत्राचा विचार करा. आणि मुळाशी पाणी साचत असेल तर यातलं काहीच नाही, तुमचा हात पाण्याला सैल आहे.

अंदाजानं काही घालू नका, माती तपासून घ्या. चार-पाच ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा वीतभर खड्डा करा, कडेची माती खरवडून घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरून चिठ्ठीसह द्या. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याच नाशकात आहे, तिथं चौकशी करा.

टॉनिकच्या बाटलीवर घटक आणि त्यांचं प्रमाण छापलेलं नसेल तर ती परत करा. गांडूळखताच्या चकचकीत पिशव्यांबाबतही तेच. मी स्वतः एकदा फसले आहे. रंग छान, चहापत्तीसारखा. घरी आणून मूठभर खत काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळलं, दहा मिनिटांनी तळाला दोन बोटं बारीक वाळू आणि वर चहाच्या रंगाचं पाणी. तेव्हापासून पोतं घेण्याआधी मूठभर मागून घेते.

मेथी आणि वालावर माव्याची कीड पडलीय. भावाची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. त्यानं उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या छोट्या बाटलीत भरून दिलंय. एक लिटरला झाकणभर पुरे ना? (पंचवटी)

हा प्रश्न मला वर्षातून निदान दहादा येतो, आणि दर वेळी मी तेवढीच चिडते. नाशकात प्रत्येकाचा कुणी ना कुणी द्राक्षवाला असतो, आणि त्याच्याकडे काही ना काही उरलेलं असतं.

औषध पिकानुसार मंजूर होतं. लेबलवर पीक लिहिलेलं असतं, मात्रा लिहिलेली असते, आणि फवारल्यावर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं तेही. याला प्रतीक्षा काळ म्हणतात. द्राक्षावरच्या काही औषधांचा हा काळ महिना-दोन महिने असतो. बागाईतदार ते हिशेबानं घड लहान असताना वापरतो. मेथी पेरल्यापासून महिन्याभरात ताटात येते. तो प्रतीक्षा काळ तिच्या सगळ्या आयुष्यात मावत नाही, आणि तुम्ही परवा फवारून रविवारी पराठे करणार! आंतरप्रवाही औषध पानाच्या आत शिरतं. मग मिठाच्या पाण्यात ठेवा नाही तर सोड्यात, ते धुतलं जात नाही.

२०१० साली युरोपात गेलेली आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलाची वाढ आवरणाऱ्या औषधाच्या, बागाईतदारांच्या भाषेत सीसीसीच्या, अंशामुळे अडकली होती. जुन्या बागाईतदाराला विचारा, त्याच्या अंगावर अजून काटा येतो. निर्यातीच्या मालाची निदान प्रयोगशाळेत तपासणी तरी होते. तुमच्या मेथीची कोण करतं?

झाकणभर हे माप कुठलं? कुठलं झाकण? त्या औषधाची मात्रा बागेतल्या दोनशे लिटरच्या टाकीसाठी सांगितलेली असते, आणि त्यात काय आहे हे तुम्हाला ठाऊकही नाही, कारण लेबल दिंडोरीला राहिलंय. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधाला भाजीपाल्यावर बंदी आहे. तुमच्या बाटलीत ते नाही, हे कशावरून?

आणि ही कोल्ड्रिंकची बाटली! एका घरी मी ती फ्रिजच्या दारात पाहिली आहे, ताकाच्या शेजारी. घरात दोन नातवंडं. त्या बाईंना मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. आजच भावाला फोन करा, औषधाचं नाव कागदावर लिहून घ्या, बाटली घट्ट बंद करून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि पहिल्या फेरीला परत करा. मोरीत किंवा गटारात ओतू नका. चुकून कुणाच्या पोटात गेलं तर उलटी काढायला जाऊ नका. ती बाटली आणि तो कागद घेऊन थेट दवाखाना गाठा.

माव्याचं म्हणाल तर सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोराचा फवारा मारा, वालाचे फार माखलेले शेंडे खुडून टाका. दोन-तीन दिवस हेच करा. मग निंबोळी अर्क: लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवा आणि संध्याकाळी फवारा. ढालकिडे दिसले तर मात्र काहीही मारू नका, ते मावाच खातात. एवढ्यानं हटला नाही तर मावा असलेलं पान पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

टोमॅटो पाच-सहा किलो निघाले. प्युरी करून बाटल्यांत भरून ठेवली तर सहा महिने टिकेल? (गंगापूर रोड)

फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये सपाट पिशव्यांतून काही महिने. ओट्यावर नाही. टोमॅटो आंबट लागतो, पण त्याची आम्लता काठावरची असते. हवाबंद बाटलीत कमी आम्ल असलं तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू विष तयार करू शकतात, आणि त्यांचे बीजाणू नुसत्या उकळण्यानं मरत नाहीत. वास, चव, रंग, काही बदलेलच असं नाही. आई करायची आणि कुणाला काही झालं नाही, हे मला सांगू नका. बाटलीबंदच करायचं असेल तर फळप्रक्रियेचं प्रशिक्षण घ्या. आम्ल आणि परिरक्षकाचं माप तिथंच हातानं करून शिकायचं असतं.

फ्रीझर भरलाय? फोडी मीठ लावून वाळवा, पण आत्ताच्या दमट उन्हात नाही, ऊन कोरडं झाल्यावर. मोडली तर कट्‌कन मोडली पाहिजे. बुरशी दिसली तर तेवढा भाग काढून उरलेलं ठेवायचं नाही, सगळंच टाकायचं.

सोललेला लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवला तर चालतो ना? (सातपूर)

नाही, कारण वरचंच. लागेल तेवढाच करा, फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा.

परसातला दुधी या वेळी कडू निघाला. मीठ लावून पिळून घेतला तर? सकाळच्या रसासाठीच लावला होता. (देवळाली)

वेल फेकू नका, फळ फेका. तो कडूपणा कुकरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो, मिठानं आणि शिजवण्यानं जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनंही कडू रस पिऊ नये असंच सांगितलं आहे. रसासाठी कापण्याआधी टोकाची चकती चाखून थुंका. रस आधीच प्यायला असाल आणि पोटात कळ, उलटी, जुलाब यातलं काही सुरू असेल तर पुढच्या उत्तराची वाट बघू नका, लगेच दवाखान्यात जा आणि दुधीचा रस प्यायलो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. वेलावरच्या पुढच्या प्रत्येक फळाची चकती चाखायची. बी मात्र या वेलाचं धरू नका.