चार्ल्सटनच्या बागा, इतिहास आणि संगीत एकाच फेरीत पाहता येतील का?

आपण विचारले आहे की आई-वडिलांना घेऊन अमेरिकेच्या दक्षिणेतील चार्ल्सटन या जुन्या शहरात चार दिवस जायचे आहे, तिथला इतिहास, बागा आणि संगीतमहोत्सव हे सर्व एका फेरीत साधेल का, आणि कोणत्या महिन्यात जावे. मी गेली अनेक वर्षे शेजारच्या राज्यात राहतो आणि या शहरात पुनःपुन्हा गेलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तिथे बागांचा बहर आणि संगीताचा हंगाम एकाच वेळी येत नाही. अझेलिया या फुलझुडपाचा बहर साधारणपणे मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीस असतो, आणि वसंतातच जुन्या वस्तीतील काही खासगी घरे व त्यांच्या अंगणातील बागा तिकीट काढून पाहता येतात. ही प्रथा १९४७ पासून चालू आहे. संगीतकार जान कार्लो मेनोत्ती यांनी १९७७ मध्ये इथे सुरू केलेला स्पोलेटो महोत्सव मात्र मेअखेरीस सुरू होतो आणि सतरा दिवस चालतो. दोन्हींपैकी एकच निवडायचे झाल्यास मी महोत्सवाचे दिवस निवडेन. अझेलिया तेव्हा ओसरलेला असतो हे खरे, पण मॅग्नोलिया फुललेला असतो आणि कितीतरी अंगणांत आपला अनंतही दरवळत असतो. या झाडाचे गार्डेनिया हे नाव अठराव्या शतकात चार्ल्सटनमध्ये वैद्यकी करणाऱ्या अलेक्झांडर गार्डन या डॉक्टरच्या सन्मानार्थ ठेवले गेले, हे आपल्या आईंना आवर्जून सांगावे.

आता माझा आग्रह. पहिल्या सकाळी बागेत जाऊ नका, गॅड्सडेन धक्क्यावर जा. उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी सुमारे ४० टक्के चार्ल्सटन बंदरातून आले, आणि त्यांतील फार मोठी संख्या या धक्क्यावर उतरली. तिथे जून २०२३ मध्ये आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचे संग्रहालय उघडले. इमारत खांबांवर उचललेली आहे आणि खालची जमीन स्मृतिउद्यान म्हणून मोकळी ठेवली आहे. त्यात एका उथळ पाण्याच्या तळाशी जहाजाच्या तळघरात दाटीने निजवलेल्या माणसांच्या आकृती कोरल्या आहेत. पाणी त्यांच्यावर चढते आणि उतरते. हे पाहून मगच शहरात शिरावे, कारण त्यानंतर तिथल्या प्रत्येक सुंदर गोष्टीकडे पाहताना ती कोणाच्या हातांनी घडली हा प्रश्न आपोआप मनात येतो, आणि तो आल्याशिवाय हे शहर कळत नाही असे माझे ठाम मत आहे.

ॲशली नदीकाठची मिडलटन प्लेस ही बाग १७४१ मध्ये आखली गेली. हिरवळीचे टप्पे नदीकडे उतरत जातात आणि त्यांच्या पायथ्याशी फुलपाखराच्या पंखांसारखी दोन तळी आहेत. सुमारे शंभर गुलाम दहा वर्षे ही माती उपसत होते असे तिथे सांगतात. बाग पाहून झाल्यावर 'एलायझाचे घर' म्हणून ओळखली जाणारी साधी लाकडी वास्तू चुकवू नका. मिडलटन कुटुंबाच्या मालकीत आयुष्य गेलेल्या गुलामांच्या नावांची यादी तिथे लावलेली आहे.

या श्रीमंतीचे मूळ भातात होते, आणि इथे मला राहवत नाही, कारण माझे बालपण गोव्यात खाजन शेतीच्या बांधावर गेले. आमच्याकडे भरतीचे खारे पाणी शेतात घुसू नये म्हणून बांधात 'मानस' नावाची पाण्याची वाट असते. तिची लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. चार्ल्सटनच्या पश्चिमेला कॉ कॉ नावाच्या सार्वजनिक उद्यानात जुन्या भातखाचरांच्या बांधांवर तशीच लाकडी दारे प्रथम पाहिली, तेव्हा मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. तिथे त्यांना 'ट्रंक' म्हणतात. कामात मात्र एक फरक आहे: तिथे भरतीच्या रेट्याने नदीचे गोडे पाणी वर चढते आणि तेच हवे तेव्हा दार उघडून खाचरांत घेत असत. हे ज्ञान मोठ्या प्रमाणात पश्चिम आफ्रिकेच्या भातपट्ट्यातून धरून आणलेल्या लोकांचे होते. भात उखळ-मुसळाने कांडून ते गवताची वेटोळी शिवून केलेल्या रुंद, चपट्या टोपलीत पाखडत, म्हणजे आपल्या सुपाचेच काम. त्या टोपल्या विणणाऱ्या गुल्ला समाजातील, म्हणजे त्याच गुलामांच्या वंशजांतील, स्त्रिया आजही जुन्या बाजारात बसतात. किंमत बरीच असते, पण एका टोपलीमागे कित्येक दिवसांची मेहनत असते, तेव्हा कृपया घासाघीस करू नका.

संगीतासाठी डॉक स्ट्रीट थिएटरमधील दिवसाच्या मैफली आपल्या वडिलांना अधिक मानवतील. सभागृह लहान आहे आणि वाद्ये अगदी जवळून ऐकू येतात. महोत्सवाच्याच दिवसांत शहरातर्फे 'पिकोलो स्पोलेटो' हा जोडमहोत्सव होतो. त्याचे कार्यक्रम स्वस्त असतात, काही तर विनामूल्य असतात, आणि अनेक कार्यक्रम जुन्या चर्चमध्ये होतात. मोठे प्रयोग गेलार्ड सेंटरमध्ये असतात. २०१३ मध्ये त्याच्या बांधकामाच्या वेळी आफ्रिकी वंशाच्या ३६ माणसांचे अवशेष सापडले आणि २०१९ मध्ये त्यांचे जवळच सन्मानाने पुन्हा दफन झाले. महोत्सवानेही हा इतिहास टाळलेला नाही. १८०७ मध्ये या शहरात आणून विकला गेलेला, पुढे अरबीत आत्मचरित्र लिहिणारा सेनेगलचा विद्वान उमर इब्न सय्यद याच्यावरील ऑपेरा २०२२ मध्ये इथेच प्रथम सादर झाला आणि त्याला पुढच्या वर्षी संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

एक सकाळ गेटवे वॉकसाठी ठेवावी. चर्चची आवारे आणि बागा जोडत जाणारी ही १९३० सालची पायवाट आहे आणि तिला तिकीट नाही. तिच्यावरील युनिटेरियन चर्चचे आवार मुद्दाम रानवट राखले आहे. थडग्यांवर वेली चढलेल्या असतात. चालताना घरांच्या भिंतींवरील लोखंडी चकत्यांकडे लक्ष द्या: १८८६ च्या भूकंपानंतर भिंती आवळून धरण्यासाठी घातलेल्या सळयांची ती टोके आहेत. जुन्या विटांच्या भिंतीही जवळून पाहा. ओल्या विटा उचलताना उमटलेले बोटांचे ठसे काही विटांवर अजून स्पष्ट दिसतात, आणि त्यांतील काही इतके लहान आहेत की माझे बोटही त्यांत मावले नाही.

मेअखेरीस दुपारचे ऊन दमट आणि कडक असते, म्हणून आई-वडिलांसह बाहेरचे सर्व सकाळी अकराच्या आत उरकावे आणि दुपार मैफलीसाठी ठेवावी. निवासाची जागा मात्र बरेच महिने आधी घ्यावी.